विजेची गाडी आणि ऐंशी-ईईबी कलमाची मोहीम

श्री करवीरनिवासिनी प्रसन्न.

कसबे बावडें, प्रांत करवीर, येथील विजेच्या गाडीचें वर्तमान चहाच्या गाड्यावर, दूध डेअरीच्या रांगेंत आणि लग्नाच्या पंगतींत जो तो आपलाले मतें सांगतो. कोणी म्हणतो, सरकारनें दीड लाख रुपये घरीं आणोन दिले. कोणी म्हणतो, कृष्णातराव फसले आणि गाडी बायकोनें बळकाविली. कोणी तर इतकेंही म्हणतो कीं ती गाडी साखर कारखान्याच्या मळीवर चालते. या वार्ता समस्त लटक्या. लटकें दहा तोंडीं फिरलें म्हणजे पुढील पिढीस तेंच खरें वाटतें, सबब जें घडलें, जैसें घडलें, ज्या तिथीस घडलें, तें कागदपत्र पाहोन आणि साक्षीदारांस दोन दोन कप चहा पाजोन येथें लिहिलें असे. अधिक लिहिलें असेल तर तें शोभेकरितां, उणें लिहिलें असेल तर तें भिडेकरितां.

त्या समयीं कसबे बावड्यांत राजश्री कृष्णातराव नांदत होते. साडेतीन एकर ऊस, दोन म्हशी, एक मोटारसायकल आणि गल्लीच्या या टोकाहून त्या टोकास ऐकूं जाईल ऐसा आवाज, इतकी दौलत. त्यांच्या पत्नी सौभाग्यवती संयोगिताबाई जयसिंगपुरीं हायस्कुलांत गणित शिकवीत. बावड्याहून जयसिंगपूर बारा-तेरा कोस. ही मजल बाईंनीं चौदा वर्षें रोज सकाळीं एस्टीनें मारिली आणि रोज सायंकाळीं माघारी मारिली, आणि त्यांत निम्म्या मजला उभ्यानें जाहल्या. मग माघ मासीं बाईंची टाच धरिली. डॉक्टरांनीं फोटो काढोन हाड वाढल्याचें निदान केलें आणि उभें राहणें वर्ज्य सांगितलें. बाई औषध घेऊन दुसरे दिवशीं पुन्हा एस्टींत उभ्या राहिल्या. हें कृष्णातरावांनीं पाहिलें आणि मनांत निश्चय केला कीं गाडी घ्यावयाची, आपण खासा जातीनें चालवावयाची, आणि बाईंस दारापासोन शाळेच्या दरवाजापर्यंत पोंचवावयाचें.

गाडी कोणती, हा प्रश्न उरला. तों जयसिंगपुराहून बाईंचे वडील बंधु राजश्री हंबीरराव यांचा मोबाईलवर खलिता आला. हंबीररावांचें जयसिंगपुरीं खतांचें दुकान आणि दुकानापुढें डिझेलची ऐसी थोर गाडी कीं तीत चढावयास पायरी लागे. खलित्यांत मजकूर कीं, विजेची गाडी घेणारास सरकार दीड लाखांची सवलत देतें, लाभ घेणें, दहा जणांस पाठविणें. हंबीररावांनीं मजकूर अर्धाच वाचिला आणि पुरा पाठविला. विजेची गाडी म्हणजे लेकरांचें खेळणें, ऐसा त्यांचा पक्का अभिप्राय होता. परंतु कृष्णातरावांनीं तो खलिता म्हणजे सनदच मानिली. सरकार देतें आहे आणि आपण घेत नाहीं, हें बावड्याचे रीतीस सोडोन, ऐसें बोलोन त्यांनीं मोहिमेचा विडा उचलिला.

शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, चैत्र शुद्ध प्रतिपदा, गुढी उभारोन, श्रीखंड खाऊन स्वारी शोरूमांत दाखल जाहली. तेथील विक्रेते चिरंजीव आदर्श यांनीं सरबत देऊन सन्मान केला आणि प्रथम एक गाडी दाखविली, जी पेट्रोलवरही चाले आणि विजेवरही चाले. कृष्णातरावांस ती बहुत आवडली, दोन्हीकडोन लाभ ऐसें वाटलें, परंतु तिचा रंग वांग्यासारखा होता आणि दुसरा रंग तीन महिने येणार नव्हता. सबब निव्वळ विजेची, पांढरी गाडी आपले नांवें बुक करोन स्वारी परतली. वांग्याच्या रंगानें मोठें संकट टळलें, हें त्यांस पुढें सात दिवसांनीं कळलें.

मग सोमवारीं कृष्णातराव गांवच्या पतसंस्थेंत गेले. चेअरमन म्हणजे तालमींतील जोडीदार. चहा येण्यापूर्वीं कर्ज मंजूर जाहलें आणि चहा संपण्यापूर्वीं पत्र हातीं पडलें. तें पत्र त्यांनीं देवाऱ्यांत ठेविलें आणि गल्लींत जाहीर केलें कीं आतां फक्त सरकारचे दीड लाख आणणें राहिलें, तें काम शाहूपुरींत जाऊन उरकोन येतों.

कोल्हापुरच्या शाहूपुरींत दुसरे मजल्यावर राजश्री अनेकांतजी यांची कचेरी. हे जैन कुळांतील नामांकित कर-सल्लागार, संयोगिताबाईंचे कागद दरसाल तेच पाहत. एका वस्तूस अनेक बाजू असतात, हें त्यांच्या घराण्यांत पाळण्यांतच शिकवितात, आणि प्राप्तिकराचा कायदा वाचोन तर त्यांची ती श्रद्धा फारच दृढ जाहली होती. बुधवार, चैत्र शुद्ध अष्टमी, मार्चची एकोणतीस तारीख, बाईंनीं रजा टाकिली आणि उभयतां कचेरींत गेलीं. मार्चअखेर, सबब फायलींचे बुरूज छतास भिडले होते आणि त्यांमधोन अनेकांतजींचा चष्मा तेवढा दिसत होता. कृष्णातरावांनीं अर्ज केला कीं आमची दीड लाखांची सवलत आहे, ती कोठें सही करोन घ्यावयाची, तें दाखवावें.

अनेकांतजी शांतपणें म्हणाले, "मिळंल बी, आणि न्हाय बी."

कृष्णातरावांस हें उत्तर रुचलें नाहीं. एक काय तें सांगावें, ऐसें त्यांनीं बजाविलें. तेव्हां अनेकांतजींनीं कायद्याचें पुस्तक काढोन कलम ऐंशी-ईईबी उघडिलें आणि एकेक अट वाचोन तिचा अर्थ सांगों लागले, आणि प्रत्येक अटीसरशीं कृष्णातरावांची एकेक चौकी पडत गेली.

प्रथम हें सांगितलें कीं सरकार कोणास रोख कांहीं देत नाहीं. गाडीकरितां कर्ज काढिलें आणि त्यावर व्याज भरिलें, तर तें व्याज, दीड लाखांच्या मर्यादेंत, आपल्या उत्पन्नांतून वजा धरितात आणि उरल्या उत्पन्नावर कर बसवितात, इतकेंच. हें ऐकोन कृष्णातरावांनीं हंबीररावांचें नांव दांतांखालीं घेतलें. मग अनेकांतजींनीं पुसिलें कीं गाडी निव्वळ विजेवरच चालते ना, पेट्रोल मुळींच नाहीं ना. कारण दोन्हींवर चालणारीस हें कलम लागत नाहीं. येथें कृष्णातरावांनीं वांग्याच्या रंगाचे मनोमन आभार मानिले आणि छाती पुढें काढिली. परंतु छाती पुढें आली तों पुढील अट आली. कर्ज बँकेचें पाहिजे किंवा कायद्यानें नेमिलेल्या मोठ्या वित्तसंस्थेचें पाहिजे. गांवच्या पतसंस्थेचें पत्र, मग त्यावर चेअरमनची सही कितीही झोकदार असो, येथें उपयोगी नाहीं. आणि कर्जाची मंजुरी मार्चच्या एकतीस तारखेचे आंत जाहली पाहिजे. गाडी मागाहून आली तरी चालेल, मंजुरी मागाहून आली तर कलमाचा दरवाजा बंद.

म्हणजे दोन दिवस उरले. त्यांत उद्यां रामनवमी, बँकांस सुट्टी. म्हणजे एकच दिवस उरला.

इतक्यावर कृष्णातराव खचते ना. एका दिवसांत आम्हीं तीन एकर उसाची लागण केली आहे, ऐसें ते बोलले. परंतु शेवटची अट अनेकांतजींनीं राखोन ठेविली होती, ती आतां पुढें आली. त्यांनीं पुसिलें कीं आपण प्राप्तिकर किती भरितां. कृष्णातरावांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं आमच्या सात पिढ्यांत कोणी एक पै प्राप्तिकर भरिला नाहीं. सगळें उत्पन्न शेतीचें.

"मग वजा कशातनं करायचं, कृष्णातराव?" अनेकांतजी म्हणाले. "शून्यातनं दीड लाख वजा केलं तर हाताला काय लागतंय?"

गणिताच्या बाई पाशींच बसल्या होत्या. उत्तर त्यांस केव्हांच आलें होतें, परंतु पतीचा मान राखोन त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

अनेकांतजींनीं मग बाईंची फाईल काढिली आणि तींतून पगाराच्या करकपातीचा कागद, ज्यास सोळा नंबरचा फॉर्म म्हणतात, तो टेबलावर ठेविला. म्हणाले कीं या घरांत कर भरणारी असामी एक, ती ही. कर्ज यांच्या नांवें, गाडी यांच्या नांवें, व्याज यांच्या खात्यांतून, तर कलम लागतें. एरवीं नाहीं. कृष्णातरावांनीं तो कागद हातीं घेतला. लग्नास सोळा वर्षें जाहलीं, परंतु हा कागद त्यांनीं आजवर पाहिला नव्हता. दर महिन्यास बाईंच्या पगारांतून कर कापला जातो, दरसाल जातो, आणि घरीं त्याची वाच्यता नाहीं, हें त्यांनीं बोट ठेवोन ठेवोन वाचिलें. घरचें राज्य आपलें ऐसें ते समजत होते, आणि राज्याची खंडणी कोण भरितें हें त्यांस त्या दिवशीं कळलें.

तरी वेळ दवडला नाहीं. बाईंचा पगार ज्या बँकेंत जमा होई, तिच्या कोल्हापुरांतील शाखेंत उभयतां तैसींच गेलीं. तेथील शाखाधिकारी तेजस्वीमॅडम, वयानें तरुण, कामानें कठोर. मार्चअखेरची धामधूम ऐसी कीं शिपाईही धांवत होता. मॅडमनीं कागद पाहिले आणि हुकूम फर्माविला कीं खातें जुनें आहे, पगार नियमित आहे, कर्ज होऊं शकतें. परंतु शाळेचें पगारपत्रक मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह मूळ पाहिजे, अर्जदाराची सही समक्ष पाहिजे, पतीची जामीनदार म्हणोन सही पाहिजे, आणि हें सर्व शुक्रवारीं दुपारीं चार वाजण्याचे आंत पाहिजे. चारानंतर आपण वर्षाचे हिशेब बंद करण्यास बसूं आणि मग प्रत्यक्ष आपले वडील आले तरी उठणार नाहीं.

दुसरे दिवशीं रामनवमी. दुपारीं देवळांत पाळणा हालविला, सुंठवडा वांटिला, आणि सुंठवड्याबरोबर वार्ताही वांटिली गेली कीं कृष्णातरावांची गाडी आतां बायकोच्या नांवें होणार. तालमींतील मंडळींनीं त्यांस पारावर गांठिलें. एकानें पुसिलें कीं मग गाडीच्या मागल्या काचेवर नांव कोणाचें घालणार. दुसऱ्यानें पुसिलें कीं फिरावयास गाडी पाहिजे जाहली तर रजेचा अर्ज देणार काय. पतसंस्थेचे चेअरमन तर म्हणाले कीं आमचें पत्र चांगलें आहे, तुझ्या नांवाचें आहे, सवलत गेली खड्ड्यांत, बाप्याचा मान मोठा. कृष्णातराव नेहमींप्रमाणें ओरडले असते तर बरें होतें. ते सुंठवडा हातांत तैसाच धरोन उठले आणि म्हशींकडे गेले.

सायंकाळीं बाई गोठ्यांत आल्या. कृष्णातराव वैरण टाकीत होते. बाईंनीं दूध काढावयास भांडें घेतलें आणि बसतां बसतां म्हणाल्या, "आवो, ऱ्हाऊ दे ती सवलत. पतसंस्थेचंच कर्ज घ्या, तुमच्या नावावर. लोक बोलत्यात ते मला न्हाय आवडत. मला काय, मी एस्टीनं जातीयाच की."

हें बोलतांना बाईंनीं दुखऱ्या टाचेवरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. कृष्णातरावांनीं तें पाहिलें. ते घरांत गेले, देवाऱ्यांतील पत्र काढिलें, पायांत चपला घातल्या, आणि चेअरमनच्या दारीं जाऊन तें पत्र त्यांच्या हातीं देऊन माघारी आले. जाण्यायेण्यास अर्धी घटका लागली. चेअरमनशीं काय बोलणें जाहलें, त्यास साक्षीदार नाहीं. चेअरमन सांगत नाहींत आणि कृष्णातराव पुसल्यास विषय पावसाकडे नेतात.

शुक्रवार, चैत्र शुद्ध दशमी, मार्चची एकतीस. फौजेचे दोन भाग केले. कृष्णातरावांनीं कोल्हापुरांतला मोर्चा घ्यावा, शोरूमांत जाऊन आदर्श यांजकडोन गाडीचें बुकिंग बाईंचे नांवें फिरवोन नवें दरपत्रक घ्यावें आणि बँकेंत तळ द्यावा. बाईंनीं जयसिंगपुरावर चालोन जावें, पगारपत्रकावर सहीशिक्का घ्यावा, आणि दुपारीं परतावें. मसलत उत्तम होती. सही दहा वाजतां जाहली. शिक्का होईना.

शाळेचा शिक्का लोखंडी कपाटांत, कपाटाची किल्ली शाळेच्या लेखनिकांपाशीं, आणि लेखनिक त्या दिवशीं रजा टाकोन शिरोळास भाचीच्या बारशास गेलेले. फोन लावितां उचलीत नव्हते. पूर्वींच्या राज्यांत शिक्केकट्यार ज्याचे हातीं तो प्रधान, तैसा प्रकार. मुख्याध्यापकांनीं हात टेकिले. बाईंस त्या दिवशीं सातवीच्या परीक्षेवर पहारा होता, जागा सोडतां येईना. अकरा वाजले, बारा वाजले. मग बाईंनीं, ज्यांचे पुढें हात पसरावयाचे नाहींत ऐसें लहानपणापासोन ठरविलें होतें, त्या वडील बंधूस फोन केला.

हंबीररावांनीं सर्व वृत्तांत ऐकिला. आपण पाठविलेल्या खलित्यानें बहिणीच्या घरीं इतका अनर्थ मांडिला, हें कळोन त्यांस वाईट वाटलें, आणि बहिणीनें चाळीस वर्षांत प्रथम कांहीं मागितलें, हें कळोन त्याहोन अधिक बरें वाटलें. दुकानाचें शटर अर्धें ओढोन त्यांनीं ती डिझेलची गाडी काढिली आणि शिरोळावर धडक मारिली. बारसें ऐन रंगांत आलें होतें. लेखनिक आत्याबाईंच्या रांगेंत उभे, पाळण्याची दोरी त्यांचे हातीं, आणि बायका नांव कानांत सांगत होत्या. हंबीरराव बूट न काढितां मंडपांत शिरले आणि भर पाळण्यापाशीं जाऊन किल्ली मागितली. लेखनिकांनीं दोरी न सोडितां डाव्या हातानें खिशांतोन किल्ली दिली. गडबडींत हंबीररावांनीं बाळाच्या मुठींत पांचशेंची नोट ठेविली, आणि बाळाचें नांव काय ठेविलें तें न ऐकतांच कूच केलें.

दोन वाजून दहा मिनिटांनीं शिक्का उठला. बाईंचा पहारा तेव्हांच सुटला. बहीण-भाऊ गाडींत बसलीं आणि कोल्हापुराकडे दौड सुरू जाहली. हातकणंगले मागें टाकिलें, आणि पुढें रस्त्याचें काम चालू असल्यानें एकच पट्टा उघडा होता, त्या पट्ट्यावर समोरोन मेंढरांची फौज आली. तीनशें मेंढरें, दोन घोडीं, चार कुत्रीं, आणि मागें खांद्यावर काठी आडवी घेतलेला धनगर, त्यास जगांत कसलीही घाई नव्हती. हंबीररावांनीं हॉर्न वाजविला. मेंढरें थांबलीं. पुन्हा वाजविला. मेंढरें वळलीं आणि गाडीस चोहोंकडोन वेढा घातला. वेढा अठरा मिनिटें राहिला. घड्याळांत तीन वाजून गेले.

हंबीररावांचा धीर सुटला. परंतु बाई गाडींतोन खालीं उतरल्या, दुखरी टाच टेकीत मेंढरांतोन वाट काढीत धनगरापाशीं गेल्या आणि म्हणाल्या, "पावणं, चार वाजता बँक बंद हुतीया. माझी गाडी अडलीया."

धनगरानें त्या थोर डिझेलच्या गाडीकडे पाहिलें आणि पुसिलें कीं ही गाडी असतां आणखी कोणती गाडी. बाईंनीं सांगितलें कीं ही भावाची, माझी अजून यावयाची आहे. तें धनगरास पटलें. त्यानें एक शीळ घातली आणि तीनशें मेंढरें एकसमयावच्छेदें शेतांत उतरलीं. हंबीरराव पुढें अनेक दिवस सांगत कीं ऐसी शिस्त आपण परेडींतही पाहिली नाहीं.

इकडे बँकेंत कृष्णातराव दुपारपासोन तळ देऊन होते. नवें दरपत्रक त्यांचे हातीं होतें. साडेतीन वाजले, पावणेचार वाजले, तेजस्वीमॅडमनीं दोनदां काचेंतोन पाहिलें. चार वाजण्यास चार मिनिटें कमी असतां बाई पायऱ्या चढल्या, मागोमाग हंबीरराव धापा टाकीत आले. कागद टेबलावर पडले, उभयतांनीं सह्या केल्या, आणि मॅडमनीं तपासोन, मंजुरीचें पत्र तयार करण्यास आंत हुकूम दिला. बाई बांकावर बसल्या आणि त्यांनीं डोळे मिटिले. हंबीरराव पाणी आणावयास गेले.

पत्र छापोन आलें, तें बँकेच्या कारकुनानें कृष्णातरावांचे हातीं दिलें. घरचा कर्ता पुरुष समोर उभा, सबब त्याचे हातीं द्यावें, ऐसी त्याची समजूत. आणि त्याच समजुतीनें त्यानें पत्रांत कर्जदार म्हणोन कृष्णातरावांचें नांव घातलें होतें आणि जामीनदार म्हणोन बाईंचें. खालीं तारीख बिनचूक, एकतीस मार्च. सही राहिली होती. भिंतीवरील घड्याळांत चार वाजोन दहा मिनिटें जाहलीं होतीं आणि आंत मॅडम हिशेबाचे कागद पुढें ओढीत होत्या.

कृष्णातरावांनीं पत्र वाचिलें. आपलें नांव, छापील, ठसठशीत. पाठीमागें रांगेंत बावड्याचेच दोघे तिघे उभे होते आणि मान उंच करोन पाहत होते. हेंच पत्र घेऊन बाहेर पडले असते तर गांवांत शब्द निघाला नसता, चूक बँकेची ठरली असती, आणि बाई नेहमींप्रमाणें कांहीं बोलल्या नसत्या. परंतु त्यांनीं काचेचा दरवाजा ढकलिला आणि ज्या आवाजानें ते शेताच्या पल्याडच्या बांधावरील माणसास हांक मारीत, त्या आवाजानें बोलले, तें समस्त शाखेनें ऐकिलें.

"मॅडम, चूक झालीया. गाडी बाईंची हाय. कर बी त्याच भरत्यात. मी नुसता जामीनदार."

बाईंनीं डोळे उघडिले. तेजस्वीमॅडमनीं पत्र घेतलें, पाहिलें, आणि चाराचा नियम मोडोन आपण स्वतः यंत्रापुढें बसल्या, नांवें खालचीं वर आणि वरचीं खालीं केलीं, पुन्हा छापिलें आणि सही केली. कर्जदार म्हणोन संयोगिताबाईंचें नांव वर आणि जामीनदार म्हणोन कृष्णातरावांचें खालीं, ऐसें पत्र चार वाजून पंचवीस मिनिटांनीं, मार्चच्या एकतीस तारखेस, बाईंचे हातीं आलें. हंबीरराव पाण्याची बाटली घेऊन परत आले तों लढाई संपली होती. त्यांस तें पाणी आपणच प्यावें लागलें.

गाडी ज्येष्ठ मासीं आली. तोंवर बाईंनीं मोटर ड्रायव्हिंगच्या वर्गास नांव घातलें होतें. पहिले आठवड्यांत त्यांनीं कडब्याची गंजी पाडिली, दुसरे आठवड्यांत चेअरमनच्या दारचा पाण्याचा पिंप. तिसरे आठवड्यांत परवाना मिळाला, आणि आषाढापासोन बाई आपण गाडी चालवीत जयसिंगपुरास जाऊं लागल्या, वाटेंत एस्टीच्या थांब्यावरील दोन शिक्षिकांसही घेऊं लागल्या. कृष्णातराव कधीं बरोबर जात तेव्हां डावीकडे बसोन, जेथें ब्रेक नाहीं तेथें, पाय दाबीत. टाच श्रावणापर्यंत बरी जाहली.

परंतु शत्रु अद्यापि एक उरला होता. वर्ष उलटलें, विवरणपत्र भरण्याचा समय आला, आणि अनेकांतजींनीं इतला दिला कीं सरकारनें आतां नवी करपद्धति काढिली आहे, मुकाट बसल्यास तीच लागू होते, आणि तींत हें कलम चालत नाहीं. जुनी पाहिजे तर तैसें स्पष्ट निवडावें लागतें. येथें बाईंनीं पतीस किंवा सल्लागारास विचारिलें नाहीं. कागद घेतला, दोन्ही पद्धतींचें गणित मांडिलें, जुनी लाभाची निघाली, आणि तीच निवडोन विवरणपत्र रवाना केलें. मग उत्तराची वाट पाहणें आलें. घरांत महिनाभर कोणाचाही मोबाईल वाजला तरी कृष्णातराव म्हशी सोडोन धांवत.

शके एकोणीसशें शेहेचाळीस, श्रावण मासीं एके रविवारीं उभयतां पन्हाळ्यास गेलीं. घाट बाईंनीं चढविला. धुक्यांत बसोन पिठलें-भाकरी खात असतां प्राप्तिकर खात्याचा खलिता आला. बाईंनीं चष्मा पुसोन वाचिला आणि सांगितलें कीं कलम ऐंशी-ईईबी मान्य, वजावट मान्य, कसलीही शंका नाहीं, कसलीही मागणी नाहीं. कृष्णातरावांनीं खलिता आपण घेऊन पुन्हा वाचिला, मग पिठलें वाढणाऱ्या मावशींस वाचोन दाखविला. मावशी म्हणाल्या, चांगलं झालं, भाकरी अजून देऊं का.

उतरतांना घाटांत कृष्णातरावांचें लक्ष गाडीच्या पडद्यावर गेलें. गडावरोन निघतांना बॅटरी एकसष्ट टक्के होती, ती खालीं येतां येतां चौसष्ट जाहली. त्यांनीं डोळे चोळोन पुन्हा पाहिलें. बाईंनीं समजाविलें कीं उतारावर चाकेंच वीज निर्माण करितात आणि ती बॅटरींत जमा होते, यांत नवल नाहीं. कृष्णातरावांनीं खिडकीची कांच वर केली, मागें पुढें कोणी नाहीं ऐसें पाहिलें, आणि जन्मांत प्रथमच हळू आवाजांत बोलले,

"ह्ये कुणाला बोलू नगंस. उत्पन्न म्हणून ह्याच्यावर बी कर लावतील."

बाई हसूं लागल्या, त्या घाटाच्या पायथ्याचें वाघबीळ येईपर्यंत हसत होत्या.

येणेंप्रमाणें मौजे कसबे बावडें येथील संयोगिताबाई, हुद्दा गणितशिक्षिका, यांनीं शेवटचे दिवशीं, चाराचे ठोक्यास चार मिनिटें उरलीं असतां चढाई करोन कलम ऐंशी-ईईबी काबीज केलें. मोहिमेंत जखमी, एक कडब्याची गंजी व एक पिंप. कुमकेस हंबीरराव व तीनशें मेंढरें. जामीनदार, राजश्री कृष्णातराव, आपले मुखें, भर बँकेंत, मोठ्या आवाजानें. फत्ते जाहली. नोंद पक्की केली असे. मोर्तब.